घर एक, चूल एक, मग ताप मालकांनाच का?

कळंब तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आमच्याकडं चौदा शेरडं, एक देवणी गाय आणि एक म्हैस आहे. मालकांचं वय ४२. तीन महिने झाले, त्यांना ताप येतो-जातो. दिवसभर बरे असतात, दिवस मावळला की अंग तापतं, पहाटे घामानं अंथरूण भिजतं. कंबर धरते, सांधे दुखतात, वजन उतरलं. दोनदा टायफॉईड म्हणून सलाईन लावली, इंजेक्शनं झाली. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आम्ही सगळे एकाच चुलीचं खातो, मग दुसऱ्या कुणाला कसं काही नाही? सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. त्या म्हणतात, तीन शेरडं गाभडली तेव्हापासून घराला नजर लागली. धाकटे भावजी खडी केंद्रावर आहेत. त्यांना महिन्यापासून खोकला आहे, पण ते म्हणतात धुळीचा आहे. त्यांची चार वर्षांची पोरगी त्यांच्याजवळच झोपते. आमची थोरली लातूरला नर्सिंगला आहे, तिला दवाखान्यातून काही लागेल का, ही एक धास्ती. काय करावं?"

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा धागा सासूबाईंनी दिलाय. शेरडं गाभडली आणि त्यानंतर ताप सुरू झाला, हे त्यांनी बरोबर जोडलं. नजरेचं तेवढं सोडून द्या.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण संध्याकाळी चढणारा ताप, पहाटेचा घाम, धरलेली कंबर, अँटिबायोटिकनं दबून परत उठणारं दुखणं, आणि घरात नुकतीच गाभडलेली शेरडं, एवढं एकत्र आलं की ब्रुसेलोसिसची तपासणी झाल्याशिवाय तिसऱ्यांदा टायफॉईडची सलाईन लावून घेऊ नका. जनावरांचे डॉक्टर याच रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. शेळीकडून येणारा जंतू माणसाला गाईच्या जंतूपेक्षा जास्त जोरात धरतो.

आधी ताटाचं. हा रोग माणसाकडून माणसाला ताट-तांब्यानं, खोकल्यानं किंवा शेजारी बसल्यानं लागत नाही. क्वचित नवरा-बायकोच्या संबंधातून, रक्तातून किंवा अंगावरच्या दुधातून लागल्याचं आढळलं आहे, तेवढंच. मालकांना पंगतीतून उठवायचं काही कारण नाही. अंतर कुणापासून ठेवायचं ते पुढं येईल, आणि ते माणूस वेगळंच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, एकट्यालाच का. जंतू घरात आहे एवढ्यावर आजार होत नाही. तो कुठल्या वाटेनं अंगात शिरतो, एका वेळी किती शिरतो आणि असं किती वेळा घडतं, यावर सगळं ठरतं. हे तिन्ही माणसाच्या कामावर अवलंबून असतं. शेरडू गाभडल्यावर जार अडकला तेव्हा तो कुणी ओढला? मालकांनी, उघड्या हातांनी. हाताला विळ्याची किंवा बाभळीच्या काट्याची एखादी चीर असणारच. गाभडलेल्या जारेत आणि त्या पाण्यात हे जंतू अब्जांच्या हिशेबात असतात. श्वासावाटे मात्र दहा ते शंभर जंतू गेले तरी आजार होऊ शकतो. म्हणजे खाली बसून, तोंड जवळ नेऊन पाच मिनिटं ओढाताण केली की पुरे. तुम्ही त्या दिवशी चुलीपाशी होता, आणि तुमच्या वाट्याला आलेलं दूध चहात उकळलेलं होतं. घर एकच होतं, पण जंतूची वाट तुमच्यापर्यंत आली नाही.

पण यावरून बाकीचे सगळे सुटले असंही समजू नका. सातबाऱ्यावर आणि रेशन कार्डावर "शेती" मालकांच्या नावापुढं लिहिलेली असते. गोठा झाडणारी, शेण-मूत काढणारी, करडाच्या तोंडाला बोट लावून दूध पाजणारी बाई तुम्ही किंवा सासूबाई असता, आणि ते काम कुठल्याच कागदावर नसतं. घरात कुणालाही असा ताप, नाहीतर महिना-महिना कंबरदुखी असेल, तर मालकांबरोबर त्यांचीही तपासणी करून घ्या. कुणी गरोदर असेल तर तिला गाभण आणि गाभडलेल्या शेरडांपासून लांबच ठेवा. या रोगात बाईचाही गर्भ पडू शकतो.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गडबड तिथंच होते. टायफॉईडसाठी आपल्याकडं विडाल टेस्ट केली जाते. ती एकदाच करून आलेला आकडा फार भरवशाचा नसतो. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, तरी ती पॉझिटिव्ह येते. शिवाय टायफॉईडसाठी दिलेल्या काही औषधांनी ब्रुसेलोसिसचा जंतू, ब्रुसेलाही थोडे दिवस दबतो, त्यामुळं "औषध लागू पडलं, म्हणजे टायफॉईडच" असा समज होतो. ब्रुसेला आपल्या पेशींच्या आत दडून बसतो. सात दिवसांच्या औषधानं तो मरत नाही.

ब्रुसेलोसिससाठी रोझ बंगाल ही झटपट चाचणी आधी करतात. ती पॉझिटिव्ह आली की ट्यूब ॲग्लुटिनेशन ही रक्ताचीच दुसरी चाचणी करतात. त्यात १:१६० (म्हणजे रक्तरस, सीरम, १६० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) किंवा वरचा आकडा, सोबत अशी लक्षणं आणि जनावरांचा संबंध असेल, तर निदान बळकट होतं. एक खोच इथं आहे. आजार जोरात असेल तर रक्तात प्रतिपिंडं (जंतूंविरुद्ध शरीर तयार करतं ती, अँटिबॉडी) इतकी जास्त असतात की रक्तरस पातळ न करता चाचणी केली तर ती उलट निगेटिव्ह येते. निगेटिव्ह येऊनही शंका फिटत नसेल तर "रक्तरस पुढच्या पातळीपर्यंत डायल्यूट करून बघा" असं प्रयोगशाळेला सांगायला डॉक्टरांना विनंती करा. ब्लड कल्चरही, म्हणजे बाटलीत रक्तातला जंतू वाढवून बघायची चाचणीही घ्यावी, पण अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. आणि चिठ्ठीवर "ब्रुसेलाची शंका" असं ठळक लिहून घ्या. एक तर हा जंतू सावकाश वाढतो, बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवावी लागते. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेत काम करताना लागणाऱ्या आजारांत ब्रुसेलोसिस जगभर वरच्या नंबरात आहे. उघड्या टेबलावर बाटली हाताळणाऱ्या टेक्निशियनलाही आधी कळायला हवं. त्याचाही धंदाच त्याला जंतूपुढं उभा करतो.

तुम्हाला अंबाजोगाई आणि लातूर ही दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं हाताशी आहेत. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात या चाचण्या कुठल्या दिवशी होतात, ते आधी फोन करून विचारा. नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जायचं.

रोग निघाला तर उपचार सहा आठवड्यांचा असतो, आणि औषधं दोन लागतात. बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि जोडीला रिफाम्पिसिन रोज ६०० ते ९०० मिलिग्रॅम, नाहीतर जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची काही दिवस इंजेक्शनं. कुठली जोडी आणि किती, ते वजन, लिव्हर आणि किडनी बघून डॉक्टर ठरवतील. एकच औषध घेतलं, किंवा दहा दिवसांनी बरं वाटलं म्हणून सोडलं, की ताप परत येतो. डॉक्सिसायक्लिन दुधासोबत घेतलं तर पोटात नीट शोषलं जात नाही. दुभत्याच्या घरात गोळी दुधाबरोबरच घ्यायची सवय असते, ती मोडा. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत ती चिकटून छातीत जळजळ होते. ऊन अंगाला जास्त लागतं, म्हणून फुल बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर गमछा. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, घाबरू नका.

पण रिफाम्पिसिन सुरू करण्याआधी एक गोष्ट झालीच पाहिजे. टीबी नाही याची खात्री. रिफाम्पिसिन हे टीबीचंही मुख्य औषध आहे. अंगात टीबी लपलेला असेल आणि त्यावर एवढंच एक टीबीचं औषध सहा आठवडे पडलं, तर टीबीचा जंतू त्याला पचवायला शिकतो, आणि मग दुखणं फार वाढतं. तुमच्या घरात आधीच एक महिनाभर खोकणारा माणूस आहे. म्हणून मालकांची छातीची एक्स-रे, आणि खोकला असेल तर बेडकाही. आधी ते, मग औषध.

दोन लक्षणं मालक लाजून सांगणार नाहीत, ती तुम्ही सांगा. वृषणाला सूज किंवा दुखणं हे या आजारात होतं. आणि कंबर फक्त कामानं दुखतेय असं ते म्हणतील, पण जंतू मणक्यात बसला असेल तर सहा आठवडे पुरत नाहीत, औषध बराच काळ चालवावं लागतं. कंबरदुखी ठरावीक जागी असेल, रात्री वाढत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर मणक्याचा एमआरआय काढा. औषध संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांत रोग उलटण्याची शक्यता जास्त असते. म्हणून वर्षभर तीन-तीन महिन्यांनी दाखवत राहा.

हा रोग माल्टा ताप म्हणूनही ओळखला जातो. माल्टा बेटावर इंग्रज शिपाई असेच महिनोन् महिने तापानं फणफणायचे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून जंतू शोधून काढला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडावं लागलं. थेमिस्टोक्लिस झामित या तिथल्याच डॉक्टरांना तो शेळ्यांत सापडला. त्या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या, दूधही भरपूर देत होत्या. १९०६ मध्ये शिपायांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. हे सांगायचं कारण तुमच्या गोठ्यात आहे. रोगी शेरडू बहुतेक एकदाच गाभडतं. पुढच्या वेताला करडू नीट होतं, तुम्ही निवांत होता, आणि ते शेरडू दुधातून नि विताना पडणाऱ्या पाण्यातून जंतू सोडतच राहतं.

म्हणून माणसाच्या औषधाबरोबर गोठ्याचंही बघावं लागेल, नाहीतर मालक बरे होऊन पुन्हा तिथंच हात घालतील. तीनही शेरडं गाभाच्या शेवटच्या दोन महिन्यांत गाभडली का, ते आठवून ठेवा. ब्रुसेलात बहुधा तसंच होतं. पण गाभडण्याला दुसरीही कारणं असतात, क्लॅमिडिया, टोक्सोप्लाझ्मा, क्यू ताप असे दुसरे संसर्ग, नुसता मार लागणं. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यातून सगळ्या कळपाचं रक्त तपासून घ्या, गाय-म्हशीसकट. पुन्हा एखादं गाभडलं तर पडलेला गर्भ नि जार फेकण्याआधी डॉक्टरांना कळवा, नमुना त्यातूनच चांगला मिळतो. रक्ताचा एकच नमुना लवकर घेतला तर कधी काही निघत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा घ्यावा.

लसीचं खूप जण विचारतात. केंद्र सरकारनं २०१९ पासून लाळ-खुरकत आणि ब्रुसेलोसिसचा जो कार्यक्रम चालवलाय, त्यात गाय-म्हशींच्या चार ते आठ महिने वयाच्या कालवडी-वगारींना लस मोफत देतात, आयुष्यात एकदाच. नर वासराला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत. शेळ्या या ब्रुसेलोसिसच्या लसीकरणात नाहीत. त्यामुळं तुमच्या चौदा शेरडांसाठी तपासणी आणि रोगी जनावर वेगळं काढणं एवढंच हातात आहे. माणसासाठी लस नाही. लस टोचणाऱ्या पशुसेवकानंही जपायला हवं. ही लस जिवंत जंतूंची असते, जनावर उसळलं आणि सुई आपल्याच बोटात गेली की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, ताप यायची वाट बघून चालत नाही.

रोगी निघालेलं शेरडू गुपचूप बाजारात नेऊ नका. कुणीतरी दुसऱ्या तालुक्यातली बाई मग हेच पत्र लिहील. काय करायचं ते पशुवैद्यकांशी बोलून ठरवा. आणि आणतानाही हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, नवं जनावर कळपात सोडण्याआधी महिनाभर वेगळं बांधा आणि रक्त तपासा. कास किती मोठी आहे हे सगळे बघतात, मागच्या वेताला काय झालं हे कुणी विचारत नाही. विचारा.

विताना आणि गाभडताना काय करायचं, ते नीट ऐका. जनावरांच्या औषधांच्या दुकानात खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे मिळतात, कृत्रिम रेतनाला वापरतात तेच. त्यावरून साधे रबरी मोजे चढवा, म्हणजे लांब मोजे फाटत नाहीत. मोजे नसलेच तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घालून कोपराच्या वर सुतळीनं बांधा. मोज्यांइतकं ते पक्कं नाही, पण उघड्या हातापेक्षा कैक पटीनं बरं. तोंडाला एन-९५ मास्क. डोळ्यांना ग्राइंडरवाल्याचा चष्मा, कारण पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तरी जंतू शिरतो. वारा पाठीशी घेऊन बसा. जार अडकला तर ओढूच नका, डॉक्टरांना बोलवा. ओढाओढीत शेरडाचीही पिशवी फाटते.

पडलेला जार उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्याला तर अजिबात घालू नका. कुत्रं तो गावभर ओढत नेतं. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, चार-पाच फूट खड्डा घ्या, तळाला चुना, वर जार, पुन्हा चुना, मग माती आणि वर दगड. जागेवरचं शेण, माती, पेंढा आधी खरवडून त्याच खड्ड्यात टाका. त्यानंतर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम, म्हणजे साधारण एक टक्का क्लोरीनचं पाणी होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. शेणावरच ब्लीचिंग टाकलं तर त्याची ताकद शेणातच संपते, जंतू खाली मजेत राहतो. पावडर ताजी हवी. वर्षभर उघड्या पोत्यात पडलेली आणि वास उडालेली पावडर म्हणजे नुसता चुना. तिच्यात संडासाचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. गोठ्याची सावलीतली ओली जागा महिनोन् महिने धोक्याची असते, उन्हात हाच जंतू लवकर मरतो. तेव्हा गाभडलेल्या जागेवरचं छप्पर दोन दिवस काढता आलं तर काढाच. मराठवाड्याचं ऊन एरवी कुणाला गोड लागत नाही, इथं कामाला येतं.

दुधाबद्दल एकच नियम. वर येईपर्यंत उकळल्याशिवाय कुणाच्याही तोंडात नाही, धारोष्ण तर नाहीच. दही-ताकासाठी विरजण लावायचं तेही उकळून निवलेल्या दुधात. खरवस चांगला वाफवलेला असेल तर चालतो, कच्चा चीक पोरांना चाखायला देऊ नका.

आता भावजी.

ताट वेगळं केलंय मालकांचं, पण अंतर लागतं ते बहुधा भावजींपासून. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडक्याची तपासणी. यात धुळीचा की कशाचा हा वाद घालायचा नाही. खडी केंद्रावरच्या धुळीत टीबीचे जंतू नसतात. ती दुसऱ्या वाटेनं घात करते. दगडातल्या सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. तिथं जंतूंना गिळणाऱ्या पेशी पहारा देत असतात. त्या हे कण गिळतात आणि स्वतःच मरतात. पहारेकरीच मेला की टीबीचा जंतू सुखानं वस्ती करतो. ज्याला सिलिकोसिस, म्हणजे या धुळीचा फुप्फुसाचा आजार झालाय त्याला टीबीचा धोका इतरांच्या कैक पटीनं असतो, आणि काम सोडल्यावरही तो राहतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका तुलनेनं कमी असते, पण गारगोटीच्या शिरा लागल्या की वाढते. आणि देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर असते. भावजींनी आजवर कुठं-कुठं, कुठल्या दगडावर, किती वर्षं काम केलं, हे डॉक्टरांना सांगायचं ते त्यासाठी.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका देऊन सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही टीबीची चाचणी करून घ्या, सोबत एक्स-रे. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. टीबी निघाला तर औषध चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँकेत येतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. निकाल येईपर्यंत भावजींची खाट ओसरीवर टाका आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा. पोरगी आईजवळ झोपवा, हे आजच रात्रीपासून. टीबी हवेतून लागतो, बंद खोलीत रात्रभर एकच हवा घेतल्यानं लागतो, ताटानं लागत नाही. भावजींना टीबी निघाला तर पोरीची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी होते. ज्यांना आजार नाही, त्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला त्या चुकवू नका.

खडी केंद्रावर तोंडाला गमछा बांधून बारीक धूळ अडत नाही, डोळ्याला न दिसणारे कणच घातक असतात. तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ हवा, दाढी वाढलेली असेल तर तोही फटीतून गळतो. खरा उपाय पाण्याचा फवारा, क्रशरच्या तोंडाशी आणि पट्ट्यावर. त्याचा खर्च खडी केंद्राच्या मालकानं करायचा असतो, मजुरानं नाही. कामाचे कपडे घरात झटकू नका.

थोरल्या मुलीची धास्ती सगळ्यात सोपी आहे, कारण तिच्या धोक्यावर लस आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरू झालेले असावेत. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची चाचणी, आकडा १० किंवा वर हवा. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी असते, एचआयव्हीची साधारण तीनशेत एक. सगळे घाबरतात एचआयव्हीला आणि लस टाळतात हिपॅटायटिसची, हे उलटं आहे. सुई वापरल्यावर टोपण परत लावायचं नाही, बऱ्याच टोचण्या तिथंच होतात. सुई थेट न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. लगेच सिस्टरला सांगायचं. एचआयव्ही टाळायचं औषध शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. "ओरडा बसेल" म्हणून पोरी लपवतात आणि वेळ जाते. तिला सांगून ठेवा, लपवलंस तर आम्ही ओरडू.

इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं १७०० च्या सुमारास सांगून ठेवलं, की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर "तू काम काय करतोस?" हेही विचारा. तीनशे वर्षं झाली. गर्दीच्या ओपीडीत अजून तो प्रश्न राहून जातो. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. तोंडी सांगताना घाबरून निम्मं विसरतं, म्हणून वहीच्या कागदावर लिहून न्या. मालकांचा कागद असा:

"वय ४२. शेळ्या १४, गाय १, म्हैस १. तीन महिन्यांपूर्वी तीन शेळ्या गाभडल्या, जार उघड्या हातानं काढला, अमुक तारखेला. ताप त्यानंतर इतक्या दिवसांनी सुरू. ताप संध्याकाळी, घाम पहाटे, कंबर आणि सांधे दुखतात, वजन इतकं कमी. कच्चं दूध पितो किंवा पीत नाही. आतापर्यंत घेतलेली औषधं, चिठ्ठ्या सोबत. घरात एकाला महिनाभर खोकला, तो खडी केंद्रावर. ब्रुसेलाची आणि टीबीची तपासणी करावी ही विनंती."